दोन बिबटे नक्की कोणाला वाटतात?

रात्रपाळी (धागाकर्ते)

नमस्कार मंडळी. मी एका दैनिकात उपसंपादक आहे. परवा रात्री एका मथळ्यावरून डेस्कवर जी जुंपली, तिचा निवाडा तुमच्याकडून हवाय.

जुन्नर तालुक्यातल्या एका गावाहून वार्ताहराची बातमी आली. पूर्वेच्या वस्तीवरच्या एका बाईंना संध्याकाळी साडेसातला गोठ्यामागे बिबट्या दिसला. त्याच सुमाराला तिकडे तीन किलोमीटरवर, ओढ्याकाठी, मोटर चालू करायला गेलेल्या एका दादांना बांधावर बिबट्या दिसला. निदान असं दोघं सांगतात. दोघांची गाठ पडलेली नाही, एकाचं दुसऱ्याच्या कानावर नाही. बाईंच्या मते गावात एक बिबट्या आलाय. दादांच्या मतेही एकच.

वार्ताहराचा मथळा: 'गावात दोन बिबटे आल्याचा ग्रामस्थांचा समज'.

मी फोन लावला. म्हटलं, दोन बिबटे आलेत असा समज असलेला एक तरी ग्रामस्थ दाखव. तो म्हणाला, बाईंचा एक, दादांचा एक, झाले की दोन. मी म्हटलं, अरे ही बेरीज तू केलीस, त्यांनी नाही. तो म्हणाला, मग बेरीज चुकली का? यावर मला पटकन उत्तर सुचेना. तेवढ्यात वृत्तसंपादक ओरडले की पान सोडायची वेळ झाली, आणि मथळा आहे तसा गेला.

तर प्रश्न एवढाच: ते वाक्य खरं की खोटं? बिबट्या खरंच आला होता का, हा मुद्दा नाही. कुत्रं बघून घाबरले असतील तरी चालेल.

बारक्या

पहिला! धागा बिबट्याचा आहे की व्याकरणाचा ते आधी ठरवा, त्यावर पॉपकॉर्नचा आकार ठरवतो.

काकडआरती

खोटं. यात चर्चा कसली? 'दोन' हा आकडा समजाच्या पोटात आहे. समज ज्याच्या डोक्यात असेल त्याच्या डोक्यात तो आकडा हवा. इथे एकाही डोक्यात 'दोन' नाही. वार्ताहराच्या डोक्यात आहे, पण तो ग्रामस्थ नव्हे.

तिखटमीठ

काकडआरती, बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). शिवाय 'ग्रामस्थांचा' म्हणजे किती? दोन माणसं म्हणजे ग्रामस्थ? आमच्या सोसायटीत दोघांनी लिफ्टबद्दल तक्रार केली की नोटिशीत 'काही सभासद' येतं आणि एकाने केली तरीही 'काही सभासद'च येतं.

अनुस्वार

इतकं सोपं नाहीये काकडआरती. भाषाविज्ञानात एम. ए. करतोय आणि नेमका हाच घोळ या सत्रात डोकं खातोय, म्हणून जरा लांबड लावतो.

आधी बिबट्या बाजूला ठेवा. 'बाईंनी आणि दादांनी दोन आंबे खाल्ले.' प्रत्येकाने एकच खाल्ला असेल तर वाक्य खोटं म्हणाल? नाही म्हणणार. प्रत्येकी दोन खाल्ले असतील तरी चालेल, एकेक मिळून दोन झाले तरी चालेल. अनेकवचनाला अनेकवचन भेटलं की आपण मनातल्या मनात बेरीज करूनच वाक्य ऐकतो. रेम्को स्खा नावाच्या डच अभ्यासकाने १९८१ मध्ये हा अर्थ वेगळा काढून दाखवला. त्याचं उदाहरण साधारण असं: ६०० डच कंपन्या ५००० अमेरिकी संगणक वापरतात. कोणत्या कंपनीत किती, याच्याशी वाक्याला देणंघेणं नाही. इकडची गोळाबेरीज ६००, तिकडची ५०००, संपलं.

आता 'बाईंनी आणि दादांनी दोन बिबटे पाहिले'. इथवरही कोणाचं काही बिनसत नाही. भांडण सुरू होतं ते 'पाहिले'च्या जागी 'वाटलं', 'समज', 'मत' आलं की. प्रश्न असा की ती बेरीज डोक्याच्या आतल्या वस्तूंचीही करता येते का. अलीकडे बरेच अभ्यासक म्हणताहेत की येते, निदान कधीकधी.

काकडआरती

आंबे टोपलीत असतात. टोपलीत हात घालून मोजता येतात. समजातले बिबटे कुठून मोजणार? दादांनी तर कुत्रं बघितलं असेल. मग शून्य अधिक एक?

ऊसवाला

मी त्याच पट्ट्यातला. तुम्ही लोक गंमत करताय, पण आमच्याकडे एक आणि दोन यात फार फरक आहे.

बिबट्या एरवी एकट्याने हिंडणारं जनावर. दोन दिसले म्हणजे बहुतेक मादी आणि तिचं वाढलेलं पिल्लू. दीड-दोन वर्षं पिल्लं आईबरोबर असतात. आमच्या भागात माद्या उसातच वितात, ऊसतोड सुरू झाली की फडात पिल्लं सापडतात. पिल्लाची आई म्हटली की गोष्ट वेगळी. एक बिबट्या म्हटलं की आम्ही शेळ्या आत घेतो. दोन म्हटलं की पोरांनाही आत घेतो.

त्यामुळे पेपरात 'दोन' छापलं तर आम्ही ते 'दोन एकत्र' असंच वाचणार. तुमचा वार्ताहर बेरजेत पास असेल, वाक्यात नापास.

शुभांगी_प

ऊसवाला दादांचा मुद्दा पटला.

मला मात्र धागा वाचून दुसरंच आठवलं. हे वाक्य बघा: 'आपण हुशार आहोत असं माझ्या नवऱ्याला वाटतं.'

यात हुशार कोण? एक, नवरा स्वतः. दोन, तो आणि मी. तीन, हे वाचणारे तुम्ही आणि मी. गंमत म्हणजे माणूस एकटा असला तरी क्रियापद 'आहोत'. एका माणसाच्या स्वतःबद्दलच्या समजुतीला मराठी अनेकवचन लावते. बाकी जगात नम्रतेने अनेकवचन लावतात, इथे नवरा मनातल्या मनात स्वतःला लावतो.

(नवऱ्याने वाक्य वाचलं. म्हणतो, अर्थातच दुसरा अर्थ. अर्थातच पहिला.)

बारक्या

शुभांगीताई, तिसरा अर्थ असेल तर भावोजींना माझा नमस्कार सांगा.

अनुस्वार

ताई, हे उदाहरण ढापतोय, पेपरात लिहिणार. यात दोन जण घातले की आणखी मजा: 'आपण जिंकणार असं दोघांना वाटतं.' दोघं कॅरमचे जोडीदार असतील तर एकच समज, दोघांच्या डोक्यात. एकमेकांविरुद्ध खेळत असतील तर दोन वेगळे समज, आणि त्यातला एक खोटा ठरणारच. वाक्यात काना-मात्रेचा फरक नाही.

काकडआरती

धन्यवाद अनुस्वार, तुम्हीच माझं काम केलंत. आता हे घ्या. वॉर्डात जागा एक, उमेदवार पाच. प्रत्येकाला वाटतं आपणच निवडून येणार. आता तुमच्या वार्ताहराच्या हिशेबाने मथळा करा: 'वॉर्डातून पाच जण निवडून येणार, असा उमेदवारांचा समज'. छापाल? पाचांनी एकेक माणूस निवडून आणलाय, सगळी माणसं वेगळी, बेरीज पाच. तरी मथळा हास्यास्पद. का?

तिखटमीठ

दणका बसला. अनुस्वार, आता काय?

रात्रपाळी

हा मुद्दा त्या रात्री सुचला असता तर! वार्ताहराला आत्ताच पाठवला. त्याचं उत्तर: "तिथे जागा एक आहे साहेब, गाव मोठं आहे."

अनुस्वार

वार्ताहराला आमच्याकडे प्रवेश घ्यायला सांगा. अगदी तेच उत्तर.

उमेदवारांचे समज एकमेकांना छेद देतात. एक खरा तर बाकीचे चार खोटे. असे समज एका पिशवीत घालता येत नाहीत. बाई आणि दादा एकमेकांना छेद देत नाहीत. गोठ्यामागे एक असू शकतो, ओढ्याकाठी दुसरा. दोघांचं मान्य केलं तर दोन होतातच, कारण तीन किलोमीटर अंतर आणि वेळ एकच. म्हणजे बेरीज चालते, पण समज एकत्र नांदू शकले तर.

नारळीभात

अंधगजन्याय! कान हाताला लागला तो म्हणाला सूप, पाय लागला तो म्हणाला खांब, शेपूट लागलं तो म्हणाला दोर. मग 'आंधळ्यांच्या मते तिथे सूप, खांब आणि दोर होते' हे खरं की खोटं?

अनुस्वार

नारळीभात, सुरेख! हे मला खरं वाटतं. आणि 'आंधळ्यांच्या मते हत्ती म्हणजे सूप, खांब आणि दोर' हे म्हणायला जीभ अडते. पहिल्यात तीन वस्तू शेजारी शेजारी राहू शकतात. दुसऱ्यात एकाच हत्तीवरून भांडण आहे.

नारळीभात

मला दोन्ही सारखीच वाटतात. माझे कान सूप असतील.

वकीलकाका

चर्चा वाचून राहवलं नाही. आमच्याकडे हा प्रश्न बौद्धिक नाही, वर्षांचा आहे. तुरुंगातल्या वर्षांचा.

भारतीय दंड संहितेत जबरी चोरी आणि दरोडा यातला मोठा फरक डोकी मोजण्याचा होता. पाच किंवा जास्त माणसांनी मिळून केली तर दरोडा, कलम ३९१. १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली, कलम ३१० झालं, आकडा पाचच राहिला. आता समजा एक साक्षीदार म्हणतो पुढच्या दाराशी तीन जण होते. दुसरा म्हणतो मागच्या दाराशी दोन. 'पाच होते' असं म्हणणारा साक्षीदार एकही नाही. दरोडा झाला की नाही?

होऊ शकतो. पाच आहेत हे न्यायालयाला पटलं पाहिजे, एका साक्षीदाराला पटायची गरज नाही. पण म्हणून 'साक्षीदारांनी पाच जण पाहिल्याचं सांगितलं' असं कोणी लिहून आणलं तर मी उलटतपासणीत त्याचं भरीत करीन. कोणत्या साक्षीदाराने? पान दाखवा. जबाब म्हणूनच ज्याचा त्याचा वेगळा घेतात. बेरीज करायला बंदी नाही, ती साक्षीदाराच्या तोंडी घालायला बंदी आहे.

रात्रपाळी, तुमचा मथळा माझ्याकडे आला असता तर मी काकडआरतींच्या बाजूने उभा राहिलो असतो. फी मिळाली तर अनुस्वारच्याही.

काकडआरती

काका, साष्टांग. 'साक्षीदाराच्या तोंडी घालायला बंदी', हेच म्हणायचं होतं.

शिवाय ही कसोटी लावा. 'गावात दोन बिबटे आहेत असं एकाही ग्रामस्थाला वाटत नाही.' हे वाक्य त्या रात्री शंभर टक्के खरं होतं. अनुस्वारच्या मते वार्ताहराचा मथळाही खरा. आता हे दोन मथळे एकाखाली एक छापा आणि वाचकाला सांगा, दोन्ही बरोबर आहेत.

मुक्काम_ह्यूस्टन

बाहेर बसून वाचतोय, मजा येतेय. 'वाटतं'च्या जागी 'माहीत आहे' घाला बरं. 'गावात दोन बिबटे आहेत हे ग्रामस्थांना माहीत आहे.' हे मला जास्तच खोटं वाटतं. समज उधार-उसनवार चालतो, माहिती रोखीची लागते.

रच्याकने (जाता जाता), आमच्या इथल्या मंडळाच्या गटावर नवीन आलेल्या एका गृहस्थांबद्दल अशीच बेरीज झाली होती. एका काकूंना कुठून तरी कळलं की ते वैमानिक आहेत. दुसऱ्या काकूंना वाटत होतं की त्यांचा घटस्फोट झालाय. आठवड्याभराने 'सगळे म्हणतात' असं सुरू झालं की घटस्फोटित वैमानिक आलेत. यातलं अख्खं वाक्य कोणीच म्हटलं नव्हतं. ते गृहस्थ सॉफ्टवेअरवाले निघाले, बायको महिनाभराने आली.

तिखटमीठ

'लोक काय म्हणतील' हा याच जातीतला प्राणी. म्हणणारा एकही लोक आजवर भेटला नाही, तरी समस्त लोक म्हणतच असतात.

निसर्गवेडा

थोडं अवांतर, थोडं मुद्द्याचं. काही वर्षं स्वयंसेवक म्हणून प्राणिगणनेला जातो. बिबटे 'मोजणं' ही काही आंबे मोजण्याइतकी सोपी गोष्ट नाही, हे अनुस्वारना सांगायचंय.

पूर्वी पावलांच्या ठशांवरून मोजत. एकाच जनावराचे ठसे चिखलात वेगळे, कोरड्या मातीत वेगळे. एकाचे दोन व्हायला वेळ लागत नसे. आता ट्रॅप कॅमेरे लावतात आणि अंगावरच्या ठिपक्यांवरून ओळखतात, कारण प्रत्येक बिबट्याची नक्षी वेगळी. पण मेख अशी की एकाच बिबट्याची डावी कूस आणि उजवी कूसही सारखी नसते! एका कॅमेऱ्यात फक्त डावी बाजू आली, दुसऱ्यात फक्त उजवी, तर तो एक की दोन हे फोटोवरून सांगता येत नाही. म्हणून कॅमेरे जोडीने, समोरासमोर लावतात.

तेव्हा एका माणसाच्या डोक्यातसुद्धा एकाचे दोन होऊ शकतात.

अनुस्वार

निसर्गवेडा, हे वाचून उठून उभा राहिलो. तत्त्वज्ञानात याची प्रसिद्ध जोडी आहे. क्वाईनने १९५६ मध्ये राल्फ नावाचा माणूस उभा केला. त्याने तपकिरी टोपीवाला एक इसम बघितला आणि ठरवलं की हा हेर. समुद्रकिनाऱ्यावर आणखी एक प्रतिष्ठित गृहस्थ बघितला, तो हेर असणं शक्य नाही म्हणाला. दोघं एकच. डावी कूस, उजवी कूस!

याच्या उलटा घोळ पीटर गीचचा, १९६७ चा. त्यात खेड्यातली दोन माणसं आणि चेटकीण. आपल्याकडची करून सांगतो. एकाला वाटतं हडळीने शेजाऱ्याची म्हैस मारली. दुसऱ्याला वाटतं की तिनेच विहीर आटवली. हडळ मुळात नाहीच. मग 'तिनेच' म्हणजे कोणी? दोन डोक्यांतली नसलेली हडळ एकच आहे हे कशावरून ठरवायचं? काकडआरतींनी विचारलं होतं, समजातले बिबटे कुठून मोजणार. प्रामाणिकपणे सांगतो, हा प्रश्न साठ वर्षं चघळला जातोय.

काकडआरती

म्हणजे हरलात.

अनुस्वार

आपण हरलो असं मला वाटत नाही.

शुभांगी_प

कोणता 'आपण'? :)

बारक्या

आदरार्थी अनेकवचनाचं काय? 'डॉक्टर येणार आहेत असं आईला वाटलं.' आमच्या आईला सहा डॉक्टर येणार वाटले, पोह्यांची कढई चढवली. आले एक. ते पण होमिओपॅथीचे.

वकीलकाका

सहा पोह्यांच्या बशा हा मुद्देमाल, जप्त करा.

ऊसवाला

मंडळी, हसून झालं असेल तर एक विचारतो. तो पेपर गावात गेला तेव्हा काय झालं? ते रात्रपाळींनी सांगितलंच नाही.

रात्रपाळी

हो, ते राहिलंच. दोन दिवस कामात होतो, आज वार्ताहराशी निवांत बोललो.

सकाळी सहाला गठ्ठा गावात पोचला. सातपर्यंत चावडीवर वाचन झालं. बाईंनी वाचलं, त्यांना वाटलं आपल्याला दिसला त्याची जोडीदारीणही आहे तर. दादांनी वाचलं, त्यांनाही तसंच. ज्यांना काहीच दिसलं नव्हतं त्यांनी तर मादी आणि पिल्लू हेच गृहीत धरलं, ऊसवाला म्हणाले तसं. शाळेला दोन दिवस पोरं ट्रॅक्टरमधून गेली. म्हणजे आदल्या रात्री अकरा वाजता 'दोन बिबटे आल्याचा ग्रामस्थांचा समज' असलेला एक माणूस सापडत नव्हता, आणि सकाळी सातला गावात तो समज नसलेला माणूस सापडेना.

वार्ताहर आता मला म्हणतो, "साहेब, मथळा बरोबर होता, फक्त आठ तास आधी छापला."

काकडआरती

याला काय म्हणायचं! पेपरने पेरलं आणि पेपरनेच कापणी केली.

तिखटमीठ

पण काकडआरती, कबूल करा, सकाळपासून मथळा खरा आहे. तुमच्या कसोटीनेसुद्धा.

काकडआरती

सकाळपासून. रात्री खोटा. यावर मी ठाम.

अनुस्वार

रात्रीही एका अर्थी खरा. यावर मी ठाम. पण ऊसवाला दादांनी वाचला तो अर्थ रात्री खोटा होता, आणि वाचणारा तोच अर्थ घेणार, हेही मान्य. डेस्कवर मी असतो तर 'दोन ठिकाणी बिबट्या दिसल्याचा ग्रामस्थांचा दावा' केलं असतं. 'दोन' बिबट्यावरून उचलून ठिकाणाला लावायचा.

ऊसवाला

हे पहिल्या दिवशी सुचलं असतं तर माझ्या मेव्हण्याचं ट्रॅक्टरचं डिझेल वाचलं असतं.

निसर्गवेडा

रात्रपाळी, वनविभागाने कॅमेरे लावले का?

रात्रपाळी

लावले. हाताशी दोनच होते म्हणून जोडीने नाही लावले. एक गोठ्यामागे, एक ओढ्याकाठी. काल रात्रीचे फोटो आलेत. दोन्हीकडे बिबट्या आहे. वेळेत पाच तासांचं अंतर.

निसर्गवेडा

कूस?

रात्रपाळी

गोठ्यामागे डावी. ओढ्याकाठी उजवी.

वार्ताहर बातमी टाकतोय, अर्ध्या तासात पान सोडायचंय. मथळा सुचवा.